फळीला बिलगलेली पट्टी

रेणूला शाळेच्या सहलीला पाठवावं की नाही, या विचाराने रात्रभर माझा डोळा लागला नाही. सकाळी, तिने जाऊ नये म्हणून तिचं मन वळवायला मी गोष्ट रचली.

घरं आपसांत बोलायची तेव्हाची गोष्ट. एका छपराच्या कडेला लाकडी फळी होती. पावसात ती कुजू नये म्हणून पत्रेवाल्याने तिच्यावर पत्र्याची पट्टी ठोकली. पट्टी फार मायाळू. ती फळीला वरून, खालून, सगळीकडून गच्च बिलगली.

"मावशी, जराशी फट ठेव ना, वारा लागू दे," फळी म्हणाली.

"आणि वाऱ्यामागून पाणी आलं म्हणजे? गप्प बैस."

पाणी आलंच, खिळ्याच्या भोकातून. आत शिरलं खरं, पण बाहेर पडायला त्याला वाटच नव्हती. दोन पावसाळ्यांत फळी एका कोपऱ्यात मऊ पडली. पत्रेवाल्याने शिडी लावून पट्टीखाली चाचपलं, तर त्याचं बोटच फळीत रुतलं.

"बाई, तू हिला सांभाळलंस की मुरवलंस?" असं म्हणत त्याने पक्कडीने पट्टीची खालची कड थोडी बाहेर वाकवली. आता पाणी कडेवरून दूर ठिबकायचं आणि फळीला वाराही लागायचा.

पट्टीला मात्र चैन पडेना. "फट दिसतेय गं," ती दर पावसात म्हणायची.

"असू दे. तू आहेसच की वर."

मला खरं तर आईचं ऐकावं एवढंच सांगायचं होतं. गोष्ट भलतीकडेच गेली.

रेणू बूट घालत म्हणाली, "बस सुटेपर्यंत तू शाळेच्या फाटकाशी थांब. पण हात धरू नकोस."