राव्याचे दुसरे वाक्य

त्या राज्यात पिंजऱ्यातल्या प्रत्येक पाखराला एकच वाक्य दिलेले असे. ज्याने जो गुन्हा केला, तेच त्याचे वाक्य. कावळ्याचे वाक्य होते, ‘मी घरटं मोडलं.’ सुतारपक्ष्याचे, ‘मी राजाचं झाड पोखरलं.’ आणि राजाच्या बागेत पकडल्या गेलेल्या एका पोपटाचे, ज्याला सगळे रावा म्हणत, ‘मी पेरू चोरला.’ रोज सकाळी हजेरी होई. तुरुंगाचा अधिकारी बगळा एकेका पिंजऱ्यापुढे येई, एक पाय पोटाशी घेऊन उभा राही, आतल्याचे वाक्य ऐके आणि लगेच पाय खाली टेकवून पुढच्या पिंजऱ्याकडे जाई. बगळा दुष्ट नव्हता. हजेरी उरकून त्याला तळ्यावर जायचे असे, एवढेच. नोकरी करणाऱ्या कोणाला तसे वाटत नाही?

पोपटपंची हा राव्याच्या घराण्याचा पिढीजात गुण, त्यामुळे त्याचे वाक्य सर्वांत स्वच्छ येई. बगळा नव्या कैद्यांना त्याचा दाखला देई आणि रावा मान ताठ करी. वर्षे गेली. मग असे होऊ लागले की, दाणे टाकणाऱ्या चिमणीने भूक आहे का म्हणून विचारले, तरी राव्याच्या तोंडून तेच वाक्य येई. आपले काही चुकते आहे, असे त्याला वाटतही नसे.

काटेसावर फुलली की तिथे नातलगांना भेटीची मुभा मिळे. त्या वर्षी राव्याची लेक आली, गजांपाशी बसली आणि तिने विचारले, “बाबा, कसे आहात?”

“मी पेरू चोरला,” रावा म्हणाला.

लेक उडून गेली. जाताना ती चिमणीला सांगून गेली, की पुढची सावर फुलून गेल्यावर आमचा थवा डोंगरापलीकडे राहायला जाणार आहे, तेव्हा आता एकदाच येईन, तेही आले तर. चिमणीच्या पोटात काही राहत नाही. राव्याला हे कळले आणि त्या दिवशी त्याने दाण्याला चोच लावली नाही.

त्याच सुमारास तिथे एक साळुंकी येऊ लागली. ती बाहेरची, मोकळी, आणि थोडी आगाऊही. आठवड्यातून एकदा अंगणात बसून कैद्यांशी बोलू का, असे तिने बगळ्याला विचारले. बगळ्याने सगळे नियम आठवून पाहिले. वाक्य एकच द्यावे, असा नियम होता. पण दिलेल्या वाक्यापुढे कोणी काही बोलू नये, असा नियम कोणी केला नव्हता, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. बगळ्याने होकार दिला.

साळुंकीने शिकवले असे काहीच नाही. ती म्हणाली, “तुमचं वाक्य म्हणा. ते खोटं नाहीच. पण तिथं थांबू नका.”

पहिला पुढे सरसावला तो रावा. वादळ सुटले होते, दहा ससाणे मागे लागले होते, आपण एकट्याने त्यांना कसे झुंजवले, अशी त्याने राईचा पर्वत केलेली हकिकत सांगितली. शेजारच्या पिंजऱ्यातून कावळा म्हणाला, की ससाणे कुठले, याला एका म्हाताऱ्या घारीने धरले, आणि तेही खाऊन खाऊन उडता येईना म्हणून. सगळे अंगण हसले. साळुंकी मात्र हसली नाही.

“पेरू कसा होता?” तिने विचारले.

राव्याला आठवेना. रोज सकाळी त्याने त्या पेरूचे नाव घेतले होते, आणि पेरूच त्यातून निघून गेला होता. त्याला फार वाईट वाटले. सगळ्यांदेखत तो रडला, आणि कोणी त्याला हसले नाही.

मग तो आठवू लागला. एका आठवड्यात त्याला सापडले, की पेरू एका बाजूने कच्चा होता. पुढे कधीतरी देठाजवळची मुंगी सापडली. कावळा तोवर मोडलेल्या घरट्यातल्या एकेका काडीपर्यंत पोचला होता आणि त्याचा आवाज बराच मऊ झाला होता. ज्या अंगणात पूर्वी दाण्यांवरून भांडणे होत, तिथे पाखरे आता एकमेकांच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत. ते दिवस, पिंजऱ्यातले असूनही, सुखाचे गेले. हजेरी मात्र पूर्वीसारखीच चालू होती: एक वाक्य, की बगळा पुढे.

सावर फुलली. लेक आली. देखरेखीसाठी बगळा जवळच उभा होता. राव्याने कितीतरी दिवस बोलायची तयारी केली होती.

“बाबा, कसे आहात?”

“मी पेरू चोरला,” राव्याच्या तोंडून निघून गेले. सवय ती सवय.

लेकीने पंख उघडले. राव्याचा जीव चोचीत आला.

“एका बाजूनं कच्चा होता,” तो घाईने म्हणाला.

उघडलेले पंख तसेच राहिले. “मग?” तिने विचारले.

मग राव्याने सांगितले. मुंगीने आधी चव घेतली होती, म्हणून त्याने मुंगीला आधी जाऊ दिले. पिकल्या बाजूला चोच मारली तर आत गुलाबी रंग निघाला. तो रंग पाहून त्याला घरट्यातल्या पिलाचे उघडे तोंड आठवले.

“अर्धा तुझ्यासाठी न्यायचा असं ठरवलं होतं मी,” तो म्हणाला. “मग तोही मीच खाल्ला.”

लेक त्याच्याकडे पाहत राहिली. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने गजांतून चोच आत घालून त्याच्या मानेची पिसे विंचरली. ऊन उतरेपर्यंत ती हलली नाही. घारीचे सांगायचे राहिलेच, असे रावा म्हणाला. ती म्हणाली, “ते पुढच्या सावरीला. डोंगर काही फार उंच नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाली. कावळ्याचे वाक्य झाले, सुतारपक्ष्याचे झाले. बगळा राव्याच्या पिंजऱ्यापुढे आला आणि एक पाय पोटाशी घेऊन उभा राहिला.

“मी पेरू चोरला,” रावा स्वच्छ म्हणाला आणि नेहमीसारखा गप्प झाला.

पलीकडच्या पिंजऱ्यातले पाखरू आपले वाक्य म्हणायला चोच उघडून तयार होते. तळ्यावर ऊन आले होते. बगळ्याचा पाय खाली आला नाही.