अप्पासाहेबांचा सोन्याचा लायटर

निपाणीचे तंबाखूचे व्यापारी अप्पासाहेब रेठरेकर आपला सोन्याचा विलायती लायटर भागीरथीअक्काच्या पानटपरीवर विसरले. अक्कानं तो जपून परत दिला, तर दुसऱ्या दिवशी हे फौजदाराला घेऊनच हजर!

"हिनं लायटर बदलला. माझा अस्सल होता, पहिल्या झटक्यात पेटायचा. हे डबडं पेटतच नाही!"

चोरीचा डाग लागला की टपरी उठलीच, हे अक्का जाणून होती. अप्पासाहेबांची तोफ चालू असतानाच, गिऱ्हाइकांच्या विड्या पेटवायचा जळता सुंभ तिनं नेहमीच्या डाव्या खिळ्यावरून काढून हळूच उजवीकडे टांगला.

"चौकीवर येते की. तोवर एक सिगारेट तरी ओढा, अप्पासाहेब."

सिगारेट ओठांत धरून, फौजदाराशी बोलता बोलता, अप्पासाहेब न बघताच डावीकडे वाकले आणि रिकाम्या खिळ्याशी सिगारेट धरून झुरके मारू लागले.

अक्का म्हणाली, "पहिल्या झटक्यात पेटणारा लायटर खिशात असताना मानेला ही वाट कुणी हो शिकवली?"

फौजदारानं कसंबसं हसू आवरलं. "अप्पासाहेब, तक्रार लायटर विकणाऱ्यावरच करू या. बोला, कुठं घेतला?"

अप्पासाहेबांना नेमकं तेव्हाच वखारीतलं फार महत्त्वाचं काम आठवलं.