लाकूड कुणाच्या बागेत?

हर्डे बंदरातले लाकडाचे बडे व्यापारी बाबणशेट हे बंदराच्या कारभाऱ्यांवर, अंताजीपंतांवर, भयंकर चिडले होते. लाकडाच्या सालीखाली दडून आलेल्या परमुलखातल्या किड्याने शेजारच्या राज्यातल्या नारळी उभ्या वाळवल्या होत्या. तेव्हापासून पंत ओंडका न् ओंडका तपासल्याशिवाय लाकूड किनाऱ्यावर उतरू देत नसत. गलबतं खोळंबत आणि खर्च वाढत जाई.

शेवटी शेट भर दरबारात म्हणाले, "महाराज, न दिसणाऱ्या किड्यापायी आमचा धंदा बुडतोय. ही तपासणी बंद करा!"

राजाने पंतांकडे पाहिलं.

"शेटजींचं नुकसान होतंय हे खरं, महाराज," पंत म्हणाले. "आजपासून त्यांचं लाकूड तपासत नाही. फक्त ते त्यांच्याच नारळाच्या बागेत उतरवायची आज्ञा व्हावी."

"माझ्या बागेत?" शेट ताडकन उठले. "आणि त्यात किडा निघाला तर?"

दरबारात हशा पिकला. आपण काय बोलून बसलो हे कळताच शेटही ओशाळून हसले. मग राजाने निवाडा दिला की सालीसकट आलेलं लाकूड तेवढं तपासावं, सोललेलं लगेच सोडावं. शेटना तो मनापासून पटला.

शेटच्या पुढच्याच गलबतातल्या ओंडक्यांची साल काढली, तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. पंतांनी ते ओंडके धक्क्यावरच पेटवून दिले. शेटनी ज्वाळांकडे पाहत पंतांचे दोन्ही हात हातात घेतले.

"पंत, स्वतःचा माल जळताना पाहून बरं वाटावं, असं आयुष्यात पहिल्यांदाच होतंय. तुमचे उपकार आहेत."