केरबाचे चार वाटे

मुरूमवाडीत केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे इतका, की कंडक्टर ‘पुढं चला’ म्हणाला तर एसटीतून उतरून पुढं चालायला लागायचा. मनानं मात्र सोनं. एकदा बाजारात त्यानं हौसाला पाहिलं आणि तेव्हापासून त्याला भाकरी गोड लागेना. हौसाचे वडील म्हणाले, “एक महिना कुठंतरी नोकरी टिकवून दाखव, मग बघू.”

केरबाच्या आत्तीनं खटपट करून त्याला तालुक्याच्या प्रयोगशाळेत चिकटवलं. तिथं माती आणि दगड तपासायला यायचे. त्यांत लोखंड किती, चुना किती, ते यंत्र सांगायचं. पण यंत्रात घालण्याआधी नमुना नीट तयार करावा लागे. ते काम केरबाचं. मिरजकरबाई तिथल्या साहेब.

“बाई, तुम्ही सांगाल तसंच करतो,” केरबा म्हणाला. बिचाऱ्या बाईंना वाटलं, बरा माणूस मिळाला.

पहिल्या दिवशी ओली माती आली. बाई म्हणाल्या, “कागदावर पसर. सावलीत तीन दिवस वाळू दे.” केरबानं पसरली. माती छान वाळली.

मग टेकडीवरचा काळा दगड आला. केरबानं तो कागदावर ठेवला आणि तीन दिवस शेजारी बसून कुशीवर वळवला.

“अरे, दगड कसला वाळवतोस?” बाई ओरडल्या. “कठीण काही आलं की फोडायचं, कुटायचं, चाळायचं. पार पीठ झालं पाहिजे!”

“चुकलं बाई. आता ध्यानात ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याचा अहवाल चांगला आला, म्हणून तो खुशीनं नारळ देऊन गेला. केरबानं हातात घेऊन पाहिला. कठीण होता. त्यानं तो फोडला, करवंटीसकट कुटला, शेंडीसकट चाळला आणि पिशवीत भरून बाईंच्या टेबलावर ठेवला.

बाईंनी कपाळाला हात लावला. “अरे, हा प्रसाद होता! कुणी हात जोडून काही आणून दिलं की सगळ्यांच्या हातावर थोडं थोडं ठेवायचं.”

“चुकलं बाई. आता ध्यानात ठेवतो.”

त्यानंतर दोनच दिवसांनी एक म्हातारबाबा आले. द्राक्षाच्या बागेतली माती स्वच्छ फडक्यात बांधून आणली होती. हात जोडून म्हणाले, “एवढी तपासा हो.” ते गेले आणि केरबानं ती माती खोल्याखोल्यांतून वाटली. शिपायानं कपाळाला लावली. कारकून जोगळेकरांनी फायलीतून मान वर न काढता चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाले, “यंदा साखर कमी पडली.”

बाई लालबुंद झाल्या. “ही शेवटची चूक! पुन्हा चुकलास तर घरी!”

घरी म्हटल्यावर केरबाला हौसा आठवली आणि त्याचे डोळेच भरून आले. ते पाहून बाई विरघळल्या. त्याला जवळ बसवून त्यांनी समजावलं, “माती जास्त असली की आधी चांगली मिसळायची. चार वाटे करायचे. समोरासमोरचे दोन टाकायचे, दोन ठेवायचे. मूठभर उरेपर्यंत तेच करायचं.”

“पर टाकलेल्यात चांगलं काय गेलं तर?”

“नीट मिसळलं की सगळ्यात गुण सारखाच. मूठभर उरतं त्यावरून सगळ्याची परीक्षा होते. टाकलेल्यासाठी रडायचं नाही.”

हे मात्र केरबाच्या डोक्यात पक्कं बसलं. तीन आठवडे तो मिसळत होता, वाटे करत होता, टाकत होता. एक चूक नाही! महिना भरला. बाईंनी स्वतः आत्तीला निरोप धाडला, की गडी टिकला.

रविवारी हौसाकडची माणसं केरबाच्या घरी आली. त्याला एसटीनं तिकडं न्यायची आत्तीची छाती नव्हती. आत्तीनं कुंकवाचं ताट आणि साडी मांडून ठेवली, पोहे दिले, चहाला आत जाता जाता कानात सांगितलं, “नीट परीक्षा कर बरं. घराणं जन्माचं असतंय.”

परीक्षा! केरबा सावरून बसला. घोंगडीच्या चार कोपऱ्यांवर चौघं होती. हौसा, तिचे आई-वडील आणि झुबकेदार मिशांचे दत्तूमामा.

“जरा मिसळून बसा की,” केरबा म्हणाला.

पाहुण्यांना वाटलं, इथली रीत असेल. त्यांनी जागा बदलल्या. आता हौसासमोर वडील आले. समोरासमोरचे दोन टाकायचे, म्हणजे हौसाही गेली. पण टाकलेल्यासाठी रडायचं नव्हतं. तो त्या दोघांना म्हणाला, “तुम्ही दोघं बाहेर व्हा.”

“काय म्हणालास?” वडील ताडकन उठले आणि हौसाचा हात धरून चालते झाले. हौसाला हसू आवरेना. तिला तर हा गडी भारी गमतीचा वाटला. तिच्या मागोमाग आईही बडबडत गेली. दत्तूमामांचे पोहे संपले नव्हते, म्हणून ते राहिले.

केरबानं त्यांना नीट न्याहाळलं. मूठभर उरलं होतं.

आतून आत्तीनं हाक दिली, “केरबा, बघितलीस का रं? पसंत हाय?”

केरबानं डोळे मिटून बाईंचा शब्द आठवला, नीट मिसळलं की सगळ्यात गुण सारखाच. “लई पसंत हाय आत्ती!”

“मग वाट कुणाची बघतोस? ताटातलं कुंकू लाव, साडी दे. मी च्या घेऊन आलेच!”

आत्ती चहा घेऊन बाहेर आली. दत्तूमामांच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, मांडीवर हिरवी साडी होती, आणि केरबा लाजून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.