स्टिकरमागची लाल परी

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं मला बजावलं होतं. लाल परीनं अबोलीला बजावलं, आणि अबोलीनं माझ्या कानाला ओठ लावून मला. अबोली माझी धाकटी मावसबहीण. मी फारशी कुणाशी बोलत नाही, म्हणून तिला वाटलं असेल की गोष्ट माझ्याकडे नीट राहील. राहिलीही होती. पण आज सकाळपासून मला इतका राग आलाय की ती आता पोटात मावत नाही. राग आला की मला बोलता येत नाही, लिहिता मात्र येतं. तर छोट्यांनो, जवळ सरका.

एका हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी रोपांची एक बाग होती. तिथे लालचुटूक जास्वंद होती, पिवळाधमक झेंडू होता, निळी निळी गोकर्ण होती आणि मोगऱ्याच्या पिटुकल्या पांढऱ्या कळ्या होत्या. त्या बागेत अबोली राहायची. बाहेर इतके रंग, पण घरात पिठाच्या डब्याचा तळ दिसायचा. रोपं विकायची तर डोंगरापलीकडच्या बाजारात न्यायला हवीत, आणि न्यायची तर गाडी हवी. म्हणून अबोलीच्या आईनं हातातल्या पाटल्या मोडल्या आणि बाबांनी जुन्या गाड्या विकणाऱ्या मुरलीशेठकडून एक व्हॅन आणली.

व्हॅन पिकल्या लिंबासारखी पिवळी होती. पुढे, स्टिअरिंगमागे, जिथे काटे आणि छोटे छोटे दिवे असतात, तिथे एक चकचकीत सोनेरी गणपतीचं स्टिकर लावलेलं होतं.

"शुभ असतं ते," मुरलीशेठ म्हणाला होता. "काढू नका हं. गाडी लाभायची नाही."

देवाचं स्टिकर कोण काढणार? सगळे रोज त्याला नमस्कार करत.

सपाट रस्त्यावर व्हॅन शहाण्या बाळासारखी चालायची. उतार लागला की मात्र ब्रेकवर कितीही पाय दाबा, ऐकायची नाही. आत्या म्हणाली, "दृष्ट लागलीय." मग पुढे लिंबू-मिरची बांधली. चाकाखाली लिंबू ठेवून चिरडलं. नारळ ओवाळून फोडला. बागेतल्या लिंबाच्या झाडाला एक लिंबू उरलं नाही, आणि एके दिवशी व्हॅन उतारावरून थेट बांबूच्या बेटात घुसली. मोगऱ्याची रोपं चिरडली. अबोलीच्या कपाळावर हे एवढं टेंगूळ आलं.

त्या संध्याकाळी ओट्यावर सगळे बसले होते.

"मुरलीशेठलाच दे परत," दामूकाका म्हणाले. "जुनी घेऊन दुसरी देतो तो. वर थोडे भरायचे."

"आणि ही घेऊन तो काय करणार?" आईनं विचारलं.

"रंग मारून विकेल कुणाला तरी."

"म्हणजे आणखी कुणीतरी बांबूत जाणार."

"मग आपणच विकू. बालवाडीच्या सुलभाबाई विचारत होत्या. पोरांना आणायला-सोडायला हवीय त्यांना. सपाटीवर एक चक्कर मारून दाखवायची. उताराकडे न्यायचीच नाही."

बाबा हळूच म्हणाले, "आत पोरं असतील रे, दामू."

"आणि आपली पोर आत होती तेव्हा? मुरलीशेठनं केला विचार? आपल्याला कुणी सांगितलं होतं?"

बाबा काहीच बोलले नाहीत. मुरलीशेठपेक्षा त्या गप्प बसण्याचा अबोलीला जास्त राग आला.

"त्या उद्या सकाळी येतायत," काका उठता उठता म्हणाले. "अबोले, गाडी जरा पुसूनबिसून ठेव."

अबोली ओला फडका घेऊन निघाली. तिनं दार धाडकन उघडलं, धाडकन लावलं. पण आत बसल्यावर तिला गणपतीच्या सोंडेवर धूळ दिसली. तिला वाटलं, आपल्या रागात देवाचा काय दोष? तिनं अगदी हलक्या हातानं चित्र पुसलं. पुसता पुसता त्याचा एक कोपरा सुटला, आणि त्यातून लाल प्रकाशाचा एक इवलासा किरण बाहेर आला.

"सोड मला," कुणीतरी म्हणालं.

अबोलीनं नखानं अलगद चित्र सोडवलं, डोक्याला लावलं आणि ओढणीच्या टोकात बांधून ठेवलं. मागे एक बारकासा लाल दिवा होता. त्या दिव्यातून गुंजेएवढी परी बाहेर आली. तिचे पंख डाळिंबाच्या दाण्यासारखे लालस पारदर्शक होते, केस निखाऱ्यासारखे झगमगत होते, आणि ती भयंकर चिडलेली होती.

"किती दिवस ओरडतेय मी! ब्रेक गेलेत, ब्रेक गेलेत. आणि तुम्ही येता, हात जोडता, निघून जाता."

"तू कोण आहेस?"

"ब्रेकच्या दिव्यातली परी. गाडीचं काही बिघडलं की लाल व्हायचं, एवढंच माझं काम. मुरलीशेठनं माझ्या तोंडावर देव चिकटवला. त्याला ठाऊक होतं ना, तुम्ही काढणार नाही ते."

अबोलीचे कान गरम झाले. तिचा राग तर आता व्हॅनमध्ये मावेना.

परी तिच्या अंगठ्यावर येऊन बसली. "तू मला सोडवलंस, तेही देवाला न दुखवता. एक इच्छा माग. पण नियम ऐक. दोष नाहीसा करणं मला जमत नाही. एका गाडीतून काढला की तो दुसऱ्या गाडीत जाऊन बसतो. आणि रागावून मागितलंस तरी चालेल, पण लपवाछपवी करायला मागितलंस तर माझे पंख गळून पडतील."

"मग मुरलीशेठच्या स्वतःच्या गाडीत बसव."

"बसवते. त्या गाडीतून शाळेत कोण येतं?"

अबोली थांबली. त्या गाडीतून मिनू यायची, मुरलीशेठची नात. ती अबोलीच्या शेजारी बसायची आणि तिखटमीठ लावलेली कैरी निम्मी तिला द्यायची.

"म्हणजे त्याला काहीच होणार नाही?" अबोलीनं विचारलं.

"मी तसं म्हटलं नाही. नीट विचार करून माग."

अबोलीनं डोळे पुसले. "मग झाकलेलं दिसू दे. जिथे जिथे असं काही चिकटवून झाकलंय, तिथे तिथे दिसू दे."

परीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुमचंही दिसेल मग. सुलभाबाईंनाही. गाडी विकली जाणार नाही. आईचे हात तसेच मोकळे राहतील."

आईचे हात अबोलीच्या डोळ्यांपुढे आले.

"दिसू दे," ती म्हणाली.

परी लखकन उजळली. सगळी बाग क्षणभर कुंकवाच्या रंगाची झाली, मोगरासुद्धा. "कुणाला सांगू नकोस मात्र," ती म्हणाली. "मुरलीशेठला कळलं, तर पुढच्या वेळी तो दिव्याची तारच कापून टाकेल."

सकाळी सुलभाबाई आल्या. लाल दिवा बघून दामूकाकांनी घाईघाईनं त्यावर झेंडूची माळ टाकली. माळेतून लाल उजेड आला. त्यांनी दुसरी माळ टाकली. उजेड आणखी वाढला.

"काय लागलंय हो ते?" सुलभाबाईंनी विचारलं.

"सजावट," काका म्हणाले.

बाबांनी पुढे होऊन दोन्ही माळा काढल्या. "बाई, ब्रेक धरत नाहीत. मुलांना यात बसवू नका. आमच्यापासून हे लपवलं होतं. मी लपवणार नाही."

सुलभाबाईंनी चष्मा वर सरकवला. "कुणी लपवलं? चला त्याच्याकडे."

व्हॅनला शेजारचे बैल जुंपले आणि वरात मुरलीशेठच्या दारी गेली. तो दसऱ्याचा दिवस होता. तिथे गाड्याच गाड्या आणि पूजेची ताटं घेतलेली माणसं होती. पिवळी व्हॅन आत शिरली आणि सगळ्या गाड्यांतली चित्रं आपोआप सुटली. सोनेरी, चंदेरी, गुलाबी, फुलपाखरांसारखी भिरभिरत ती देवळाच्या पायरीवर अलगद जाऊन बसली. मागे लाल दिवेच दिवे.

"शेठ, दिवाळी लवकर आली की तुमच्याकडे," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

मुरलीशेठला घाम फुटला. "अहो, शुभ म्हणून लावली होती मी. देवावर विश्वास नाही का तुमचा?"

"देवावर आहे, शेठ," अबोलीची आई म्हणाली. "तुमच्यावर नाही."

सगळी माणसं ताटं घेऊन त्याच्याभोवती उभी राहिली आणि एकही जण हलला नाही. मुरलीशेठला एकेक गाडी आपल्या खर्चानं दुरुस्त करून द्यावी लागली, आणि पहिली पिवळी व्हॅन.

ती व्हॅन ना बदलली, ना विकली. सुलभाबाई बाबांना म्हणाल्या, "गाडी नको मला, तुम्हीच हवे. खरं सांगणाऱ्या माणसाच्या गाडीत मी मुलं बसवेन." आता बाबा सकाळी बालवाडीची मुलं नेतात आणि मग रोपं. पुढच्या दसऱ्याला आईच्या हातात नव्या पाटल्या आल्या.

आणि परी? नवे ब्रेक बसले तेव्हा ती एकदा लखलखली, तिनं अबोलीच्या टेंगळावर फुंकर मारली आणि ती उजेडात विरघळून गेली. तिचा दिवा विझलेला असणं म्हणजे सगळं ठीक असणं. अजूनही किल्ली फिरवली की ती क्षणभर लाल हसते आणि जाते. प्रत्येक गाडीत हसते. हसली नाही, तर समजायचं की कुणीतरी तिचं तोंड बंद केलंय.

आता माझ्या रागाचं कारण सांगते. आमच्या शेजारच्या नंदूकाकांनी आज एक जुनी गाडी आणलीय, मोरपंखी निळी. त्यांनी किल्ली फिरवली तेव्हा मी खिडकीतून बघत होते. सगळे दिवे लागले, एक सोडून. त्या जागी कमळात बसलेली चकचकीत लक्ष्मी आहे. पूजा झाली की ते आपल्या छोट्या लेकीला, ओवीला घेऊन घाटातल्या देवीला निघणार आहेत. सगळे हात जोडून उभे आहेत आणि कुणीच…

आई खालून हाक मारतेय, "अगं, निरांजन घेऊन ये लवकर, गाडी निघाली." निरांजन नाही, मी ओला फडका घेऊन जातेय, आणि सगळ्यांच्या समोर, अगदी मोठ्यानं, मी नंदूकाकांना सांगणार आहे, आधी लक्ष्मीमागचा दिवा बघा.