करवंदीच्या जाळीतली कोंबडी

फार फार पूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका गावात मानमोडी आली. मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा रोग. संध्याकाळी दाणे टिपणारी कोंबडी सकाळी मान टाकून पडलेली असे. बघता बघता सगळी खुराडी ओस पडली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे खरंच. पण आरवायला कोंबडाच उरला नाही, तेव्हा गाव ऊन अंगावर येईपर्यंत लोळू लागलं.

सगळ्यांत जास्त हळहळली ती साळू. शेणानं सारवलेल्या तिच्या खुराड्याचं गावभर कौतुक होतं. तेही रिकामं झालं. तिची ठिपक्यांची कोंबडी तर त्याआधीच नाहीशी झाली होती. मुंगसानं नेली, असं समजून साळूनं तिची आशा सोडली होती.

एका दुपारी तीच कोंबडी पिसं फुलवून, घशातल्या घशात कुरकुरत अंगणात आली. चार दाणे टिपले, पाणी प्यायली आणि आली तशी चालती झाली. साळू दबकत मागे गेली. गावाबाहेर करवंदीच्या जाळीत, पाचोळ्यावर अंडी! कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसली होती. साळूच्या डोळ्यांत पाणी आलं. अख्ख्या गावात आता एवढीच अंडी होती. यांतून पिल्लं निघाली तरच पुन्हा कोंबडा आरवणार होता.

"इथं मुंगूस तुला सोडंल व्हय गं?" असं म्हणत तिनं अंडी ओच्यात घेतली, कोंबडी काखोटीला मारली आणि थेट घर गाठलं. खुराड्यात मऊ पेंढा घातला, अंडी मांडली, कोंबडी आत सारून फळी लावली.

कोंबडी काही बसेना. फळीवर चोच आपटत राहिली. अंडी गार पडू लागली.

"एवढं सारवलेलं घर दिलं, तरी मेलीला जाळीच गोड!" साळू वैतागली.

त्या काळी जनावरं बोलत; ऐकणारे मात्र तेव्हाही थोडेच होते. कोंबडी म्हणाली, "बाई, माझ्या साऱ्या बहिणी या घरात मेल्या. मी इथं निजले न्हाई, म्हणून वाचले. आणि तू मला इथंच जपाया आणलंस?"

साळूनं कपाळावर हात मारला. हे आपल्याला कसं सुचलं नाही! "पण मुंगसाचं काय?"

"त्याचं भ्या मलाबी हाय. तेवढं तू बघ की."

साळू तशीच उठली. अंडी पुन्हा जाळीत नेऊन ठेवली. कोंबडी लगेच त्यांवर पसरली. साळूनं भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण रचलं. रोज राखेनं हातपाय धुऊन ती तिकडे जाई, दाणे टाके, करवंटीत पाणी भरे. आभार म्हणून कोंबडी तिच्या हातावर चोच मारी.

"काय साळू, कोंबडीचं बाळंतपण माहेर सोडून जाळीत का?" बाया चिडवत.

"लेक जिथं सुखी, तिथं आईनं जावं," साळू म्हणे.

एका सकाळी काट्यांना मुंगसाचे केस अडकलेले दिसले. कोंबडी मात्र आत जागची हलली नव्हती.

खुराड्यात गार पडलेली काही अंडी फुटलीच नाहीत. साळूनं ती पुरली. ती चूक तिची होती आणि तिला ते सलत राहिलं. बाकीच्यांतून पिल्लं चिवचिवत बाहेर आली. साळूनं आपलं नावाजलेलं खुराडं जाळून टाकलं आणि परसाच्या दुसऱ्या टोकाला नवं बांधलं. मग कुंपण काढलं. कोंबडी पिल्लांना घेऊन आपल्या पायांनी घरी आली. कुणी ओढलं नाही, कुणी हाकललं नाही.

पुढे एका पहाटे फाटक्या, कोवळ्या आवाजात कुणीतरी अर्धवट आरवलं. सगळं गाव अंथरुणात उठून बसलं. साळू हसली आणि चूल पेटवायला उठली.

ज्याला जपायचं, त्याला आपल्या सोयीच्या जागी ओढू नये. त्याच्या जागी जाऊन त्याला जपावं.