पुसायचा हात

एकदा एक वृद्ध वैद्य होते, आणि त्यांच्या ओसरीवर रोज सकाळी रोग्यांच्या दोन रांगा लागत. उजवीकडची रांग वैद्यबुवांची, अवघड दुखण्यांची. डावीकडची अंबूताईंची. ताप, खोकला, गळवे, लेकरांची पोटे, म्हाताऱ्यांचे सुजलेले पाय, हे सारे ताईंकडे. बावीस वर्षांपूर्वी त्या जखमा धुवायला म्हणून आल्या होत्या. बुवांच्या शेजारी बसून त्या नाडी शिकल्या, मात्रा शिकल्या, आणि कोणता रोगी आपल्या आवाक्यातला नाही हेही शिकल्या. हे शेवटचे पुष्कळ वैद्यांनाही येत नाही. तसा रोगी दिसला की ताई स्वतः हात धरून त्याला उजव्या रांगेत नेऊन बसवीत.

बुवांचा एक शिष्य होता. बारा वर्षे अध्ययन करून तो नुकताच उजवीकडे बुवांच्या शेजारी बसून रोगी तपासू लागला होता. बुद्धिमान, कष्टाळू, आणि मनाने मुळीच वाईट नव्हे. पण डावी रांग अंगणापर्यंत जाई आणि त्याच्यापुढे जेमतेम दोन माणसे असत, हे त्याला सलत असे. एके सकाळी त्याने डाव्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला हाक मारली, "आजोबा, इकडे या."

"ऱ्हाऊ द्या, धाकले वैद्य," म्हातारा म्हणाला. "आमचं ताई बघत्यात."

लोक हसले. शिष्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात तो म्हणाला, "ताईंचा हात जखमा पुसायचा आहे. रोग ओळखायचा हात वेगळा असतो. उद्या काही बरेवाईट झाले तर आम्हांला विचारू नका."

हसू थांबले. ताईंनी हातातली पट्टी बांधून पुरी केली. बुवा खलात औषध घोटत होते. त्यांनी मान वर केली नाही. सायंकाळी मात्र शिष्याला आत बोलावून त्यांनी चांगले खडसावले. शिष्य खरोखर खजील झाला. त्याने ताईंच्या पाया पडून क्षमा मागितली, ताईंनी ती केली. प्रकरण मिटले असे तिघांनाही वाटले.

पंधरा दिवसांनी एका मुतखड्याच्या रोग्यासाठी गुरुशिष्यांना दूरच्या गावी जावे लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते परतले, तो टोपल्या विणणाऱ्या लखूच्या दारात माणसे जमलेली. त्याची चार वर्षांची चिमी जुलाब-उलट्यांनी गेली होती. उंबऱ्याबाहेर अंबूताई बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यात एक झाकलेले पातेले होते.

"दोन दिस तुमची वाट बघितली, बुवा," लखू म्हणाला. "काय द्यायला पायजे होतं पोरीला?"

शिष्याच्या तोंडून उत्तर आपसूक गेले. "लाह्यांची पेज. मीठ घालून, थोडी थोडी, सारखी."

ताईंनी पातेल्यावरचे झाकण काढले.

लखूने ती पेज पाहिली आणि तो शिष्याकडे वळला. "ताई हेच घेऊन बसल्यात की हो परवापासनं. मीच आत येऊ दिलं न्हाई. तुमीच म्हणाला हुता न्हवं, त्यांचा हात पुसायचा म्हणून?"



त्यानंतर ताई बुवांच्या घरी येत, पण रोग्याला हात लावीत नसत. मागच्या अंगणात पट्ट्या धूत बसत. डावी रांग मोडली आणि सारे गाव शिष्यापुढे येऊन बसू लागले. त्याला पाणी प्यायला सवड मिळेना. त्याला हवे होते ते सारे मिळाले होते, आणि ते त्याला नकोसे झाले होते.

दहाव्या दिवशी भर सकाळी वैद्यबुवा बैठकीवरून उठले. ओसरीच्या डाव्या, ओस पडलेल्या बाजूला जाऊन ते जमिनीवर बसले. बाही वर केली, मनगट उताणे करून गुडघ्यावर ठेवले आणि वाट पाहू लागले. लोक कुजबुजू लागले. शिष्य धावला. "गुरुजी, आपल्याला काय होते आहे? मी नाडी पाहतो."

"तुझी रांग तिकडे," बुवा म्हणाले. "मी या रांगेत बसलो आहे."

सूर्य माथ्यावर आला तरी ते उठले नाहीत. शिष्याचे डोळे भरून आले. "गुरुजी, अपराध माझा आहे. आपण का बसलात?"

बुवा सर्वांना ऐकू जाईल असे बोलले. "तू बोललास तेव्हा ओसरीभर माणसे ऐकत होती. मी तुला रागावलो तेव्हा ऐकायला भिंती होत्या. चारचौघांत शिष्याची लाज जाऊ नये एवढे मी पाहिले. तिची गेलेली लाज कोणी परत आणायची, हे मला सुचले नाही. बावीस वर्षे हे गाव तिच्या हातावर जगले. हा हात माझ्या हाताइतकाच खरा आहे, असे मी एकदाही उघड म्हणालो नाही. म्हटले असते, तर तुझे वाक्य या अंगणाबाहेर गेले नसते. आज म्हणतो आहे. चिमीसाठी उशीर झाला, हे मला कळते."

मागच्या दारात अंबूताई उभ्या होत्या. त्यांचे हात ओले होते. बुवांनी मनगट पुढे केले. "बघ ग नाडी."

ताई दोन पावले पुढे आल्या आणि थांबल्या. "हात आत घ्या, बुवा. लखूच्या दारात मी हात जोडले, पाय धरले. त्याला ढकलून आत शिरायला हवं होतं. नाही शिरले. माझ्याच मनात आलं, धाकले वैद्य शिकलेले आहेत, खरं असेल त्यांचं." त्यांनी आपल्या तळव्यांकडे पाहिले. "आता हे हात मलाच खरे वाटत नाहीत."

त्या परत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी बुवा पुन्हा तिथेच बसले, आणि तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी उजवी रांग संपवून शिष्य उठला आणि गुरूंच्या मागे जाऊन बसला. त्यानेही बाही वर केली. बारा वर्षांत त्याने पुष्कळ रोगांवरचे उपाय पाठ केले होते. ताईंच्या या दुखण्यावरचा त्याला ठाऊक नव्हता, आणि गुरुजींनाही ठाऊक नाही हे आता त्याला उमगले. दोघे मनगटे पुढे करून बसून राहिले. मागच्या अंगणातून पट्ट्या धुण्याचा आवाज येत होता.